मधला आवाज

पेटी वाजवणाऱ्याचा डावा हात स्वरांपासून लांब राहतो. तो भात्यावर असतो. हवा किती भरायची, कुठे जोर द्यायचा, ओळ संपताना भाता कसा सैल सोडायचा, हे त्याला नेमकं कळतं. पट्ट्यांशी मात्र त्याची ओळख होत नाही. माझी आई भजनी मंडळात पेटी वाजवायची आणि मी तिच्याच पेटीवर शिकले. त्यामुळे माझ्याही हातांची वाटणी लहानपणीच ठरून गेली. चाळिशीनंतर घरात की-बोर्ड आला, भाता गेला, आणि डावा हात रिकामा झाला. या हाताला काय काम द्यायचं, असं विचारत विचारत मी कॉर्डपाशी, म्हणजे एकदम वाजणाऱ्या स्वरांच्या जुळणीपाशी पोचले.

ठाण्यात गाणं शिकायला लांब जावं लागत नाही. नौपाड्यात, चरईत, पाचपाखाडीत संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या गॅलरीतून तबल्याचा ठेका ऐकू येतो, आणि की-बोर्डचे क्लास तर घोडबंदर रोडच्या नव्या संकुलांपर्यंत पोचलेत. मला ज्या टीचर मिळाल्या त्या इथल्याच एका जुन्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-ठाण्याकडच्या मूळच्या ख्रिस्ती समाजातल्या, घरातल्या. घरची भाषा मराठी, आणि उमेदीची सगळी वर्षं चर्चमध्ये ऑर्गन वाजवण्यात गेलेली. मासुंदा तलावाच्या परिसरात कौपिनेश्वराचं देऊळ आहे आणि सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चही आहे, एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. देवळातल्या भजनात पन्नास माणसं असली तरी सगळी एकच चाल गातात. चर्चच्या कॉयरची रीत वेगळी: वरपासून खालपर्यंत सोप्रानो, अल्टो, टेनर, बास असे चार आवाज, चौघांच्या चार ओळी, आणि त्या एकाच वेळी. माझा कान पहिल्या रीतीत घडला होता. टीचरांचा दुसऱ्या. आमच्या शिकण्या-शिकवण्यात जे काही रंगलं ते या फरकामुळे.

कॉर्ड म्हणजे काय हे सांगायला फार वेळ लागत नाही. एक स्वर घ्या, तिथून काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या मोजत चार पावलं वर जा, तिथून आणखी तीन पावलं वर जा. तिन्ही पट्ट्या एकत्र दाबल्या की मेजर कॉर्ड. पावलांचा क्रम उलटा केला, आधी तीन आणि मग चार, की मायनर. पांढरी एकला, म्हणजे इंग्रजी सीच्या पट्टीवर, सा धरला तर सा ग प म्हणजे सी मेजर, म ध सा म्हणजे एफ मेजर, प नी रे म्हणजे जी मेजर. या तीन कॉर्डांवर निम्मी गाणी निघतात असं जे म्हणतात, त्यात तथ्य आहे. रंगीत पट्ट्या दाखवणाऱ्या व्हिडिओंमध्ये एवढं पहिल्या दहा मिनिटांत सांगून होतं, आणि मग शिकणारा तोच पंजा तसाच्या तसा उचलून सीवरून एफवर, एफवरून जीवर टाकायला लागतो.

तसं वाजवलं की माझ्या कानाला काहीतरी खटकायचं. प्रत्येक कॉर्ड बरोबर असायची, पण एका कॉर्डचा दुसऱ्या कॉर्डशी संबंध लागायचा नाही. तिन्ही स्वर एकदम उडी मारायचे, एकाच दिशेला, एकाच अंतराने. भजनातला माणूस स्वरावरून स्वरावर सरकत जातो, मींड घेतो, मधला रस्ता ऐकवतो. इथे रस्ताच नव्हता.

टीचरांनी मला असं फार दिवस वाजवू दिलं नाही. त्यांचं म्हणणं, "अगं, तू गाणारी आहेस ना? मग बोटं मोजू नकोस. प्रत्येक बोट काय गातंय ते बघ." आणि त्यांनी इन्व्हर्जन दाखवलं.

सा ग प हे तीन स्वर आहेत. त्यातला सा खालून उचलून वरच्या सप्तकात ठेवला की ग प सां. हे पहिलं इन्व्हर्जन. आता ग उचलून वर ठेवला की प सां गं. हे दुसरं. स्वर तेच, कॉर्ड तीच, फक्त सर्वांत खाली कोण बसलंय ते बदललं. पट्ट्यांमधली अंतरंही बदलतात: मूळ रचनेत चार आणि तीन, पहिल्यात तीन आणि पाच, दुसऱ्यात पाच आणि चार. उजव्या हाताची बोटंही त्याप्रमाणे लागतात. मूळ आणि दुसऱ्या रचनेत अंगठा, मधलं बोट, करंगळी. पहिल्या इन्व्हर्जनला मधल्या बोटाऐवजी तर्जनी, कारण तिथे वरचं अंतर मोठं आहे. ही बोटं पहिल्यापासून नीट लावलेली बरी. पुढे वेग आला की हात आपोआप तिथे जातो.

खरी गोष्ट यानंतर आहे. टीचरांनी मला सी, एफ, जी आणि परत सी हाच प्रवास करायला लावला, पण हात शक्य तितका कमी हलवून. सा ग प वरून एफवर जायचं. एफमध्ये सा आहेच, मग तो कशाला सोडायचा? सा तिथेच ठेवायचा, ग शेजारच्या म वर, प शेजारच्या ध वर. झालं सा म ध, म्हणजे एफचं दुसरं इन्व्हर्जन. तिथून जी. एफ आणि जीमध्ये सामाईक स्वर एकही नाही, म्हणून तिघांनाही हलावं लागतं, पण थोडंच: सा उतरून नी वर, म उतरून रे वर, ध उतरून प वर. झालं नी रे प, जीचं पहिलं इन्व्हर्जन. तिथून घरी: नी परत सा वर, रे ग वर, आणि प जिथल्या तिथे.

सा ग प. सा म ध. नी रे प. सा ग प.

हे आता एकाखाली एक मांडा, आणि आडवं वाचायचं सोडून उभं वाचा. खालचा आवाज काय गातो? सा सा नी सा. वरचा? प ध प प. आणि मधला? ग म रे ग. तीन कॉर्ड वाजवताना मी तीन चाली वाजवत होते. तिन्ही गाता येण्यासारख्या, तिन्ही सुरुवातीला सोडलेल्या स्वरावर परत येणाऱ्या.

मला हे कळलं तेव्हा कॉर्डकडे बघण्याची माझी नजरच बदलली. तोवर मी कॉर्डला आधार समजत होते, चालीखाली ठेवायची वस्तू. प्रत्यक्षात ती तीन माणसांची एकत्र चाल आहे, आणि त्यातला कुणीही उगाच उडी मारत नाही. टीचर मला मग एक आवाज वगळून वाजवायला लावायच्या आणि वगळलेला आवाज गळ्याने गायला सांगायच्या. खालचा सोपा गेला. वरचाही, कारण कानाला सवयीने वरचा स्वर आधी ऐकू येतो. मधला अवघड. दोन्ही बाजूंनी स्वर वाजत असताना ग म रे ग ही साधी ओळ धरून ठेवायची तर दुसऱ्यांचं ऐकत राहूनही आपल्या स्वरावर उभं राहावं लागतं. अल्टो आणि टेनर गाणारे दर रविवारी हेच करत असतात. भजनात मला असं कधी करावं लागलं नव्हतं, आणि हे करताना जो आनंद झाला तो एकसुरात गाण्याच्या आनंदापेक्षा कमी नव्हता. वेगळा होता.

म्हणून माझं ठाम मत असं झालंय की आपल्या संगीतात वाढलेल्या माणसाला इन्व्हर्जन पहिल्याच आठवड्यात शिकवावं. बहुतेक ठिकाणी आधी सगळ्या मेजर, मग सगळ्या मायनर कॉर्ड मूळ रचनेत पाठ करून घेतात आणि इन्व्हर्जन पुढच्या पायरीवर ठेवतात. त्यात पाठांतर होतं, पण ज्याच्या कानात चाल भरलेली आहे त्याला कॉर्ड परकी वाटत राहते. तीन कॉर्ड, तीन आवाज, आणि प्रत्येक आवाज गाऊन बघायचा, एवढ्यावर सुरुवात केली तर त्याला पहिल्याच दिवशी ओळखीचं काहीतरी सापडतं.

तीन रचना ही एकच कॉर्ड आहे, हे आज आपल्याला उघड वाटतं. युरोपात ते स्पष्ट शब्दांत मांडलं गेलं 1722 मध्ये, झाँ-फिलिप रामो या फ्रेंच ऑर्गनवादकाच्या ग्रंथात. त्याआधीचे वादक खालचा स्वर बघून त्यावर किती अंतरावरचे स्वर घ्यायचे ते आकड्यांनी लिहीत. इथे पट्ट्या मोजायच्या नाहीत, खालच्या स्वराला एक धरून स्वर मोजायचे. खाली सा असेल तर पाच आणि तीन, खाली ग असेल तर सहा आणि तीन, खाली प असेल तर सहा आणि चार. त्या हिशेबात या तीन वेगवेगळ्या गोष्टी होत्या. रामोचं म्हणणं असं की खाली कोणीही असो, तिघांचं मूळ सा आहे आणि कान ते मूळ ओळखतो. आकड्यांची पद्धत त्यामुळे संपली नाही. पहिल्या इन्व्हर्जनला आजही सहाची आणि दुसऱ्याला सहा-चारची कॉर्ड म्हणतात.

मूळ एकच असलं तरी खालचा स्वर बदलला की स्वभाव बदलतो, आणि हे पुस्तकात वाचण्यापेक्षा हातांनी करून बघावं. खाली सा असला की कॉर्ड स्वस्थ बसते. खाली ग असला की ती जरा पुढे झुकते, कुठेतरी निघालेली वाटते. खाली प असला की पाश्चात्त्य कानाला ती अधांतरी वाटते, कारण खालच्या प पासून वरच्या सां चं अंतर चौथ्या स्वराचं, म्हणजे आपल्या भाषेत षड्ज-मध्यम भावाचं. त्यांच्या शास्त्रात खालच्या स्वरावर आलेला चौथा अस्थिर मानतात आणि त्याला पुढे कुठेतरी विसावा द्यावा लागतो. इथे माझा कान टीचरांच्या कानाशी जुळला नाही. आपल्याकडे पंचम नसलेल्या रागासाठी तानपुरा मध्यमाला लावतात आणि त्या सा-म मध्ये गायक तासभर निवांत राहतो. त्यांना जिथे पाऊल अडखळतं तिथे मला मुक्काम वाटतो. आम्ही दोघींनी हा मतभेद मिटवला नाही, त्याची गरजही नव्हती.

एक बारकावा मात्र शिकणाऱ्याने पक्का करून घ्यावा. इन्व्हर्जन ठरतं ते सगळ्यांत खालच्या स्वरावरून. उजवा हात ग प सां वाजवतोय आणि डाव्या हाताने खाली सा धरलाय, तर कानाला ती मूळ रचनाच ऐकू येते. उजव्या हाताने फक्त सोयीची मांडणी निवडली. म्हणजे उजवा हात जवळच्या जवळ सरकत राहील, आणि कॉर्ड बसलेली की निघालेली हे ठरवेल डावा हात. आयुष्यभर भात्यावर राहिलेल्या त्या हाताला इतकं मोठं काम मिळालं याचं मला फार अप्रूप वाटतं.

डाव्या हाताला मी दिलेली पहिली ओळ होती सा नी ध प म. वर उजव्या हाताने सी, मग जी, मग ए मायनर (ध सा ग), मग परत सी, मग एफ. जीच्या वेळी खाली नी, दुसऱ्या सीच्या वेळी खाली प. गिटारवाले याला सी स्लॅश जी म्हणतात: आधी कॉर्ड, मग तिरपी रेघ, मग खालचा स्वर. मूळ स्वरच धरत गेलं असतं तर डावा हात सा प ध सा म असा उड्या मारत फिरला असता. इन्व्हर्जनमुळे तो एकेक पायरी उतरतो, आणि वर काहीही वाजत असलं तरी ऐकणाऱ्याचं लक्ष त्या उतरण्याकडे जातं. डाव्या हाताने ग धरला असेल तर उजव्या हातातला ग गाळून बघा. मेजर कॉर्डमध्ये ग दोनदा आला की तो फार पुढे येतो.

गांधाराची गोष्ट निघालीच आहे तर तानपुऱ्याकडे यावंच लागतं. तानपुऱ्याला बहुतेक वेळा प, सा, सा आणि खर्ज, म्हणजे खालचा सा, एवढंच लावतात. ग सहसा कुणी लावत नाही. तरी जुळलेल्या तानपुऱ्यातून वर गांधार ऐकू येतो, त्यालाच स्वयंभू गांधार म्हणतात. खर्जाच्या तारेच्या कंपनाची पाचपट म्हणजे तो. सा चार धरला तर ग पाच आणि प सहा, इतकं साधं गुणोत्तर. म्हणजे सा ग प ही मेजर कॉर्ड तानपुऱ्यात आधीपासून भरून राहिलेली आहे. कॉर्ड बाहेरून आली असं मला कुणी म्हटलं तर मी हेच सांगते: तिला पुढे नेण्याची, एका कॉर्डवरून दुसरीवर जाण्याची कला पश्चिमेची आहे, स्वरांचं ते एकत्र असणं तारेतच आहे.

की-बोर्डचा गांधार मात्र तानपुऱ्याचा गांधार नाही. सप्तकाचे 1200 सेंट (स्वरांमधलं अंतर मोजायचं माप) धरले तर की-बोर्डच्या बारा पट्ट्या शंभर-शंभर सेंटांवर सारख्या बसवलेल्या असतात, त्यामुळे ग 400 वर येतो. तारेतला ग 386 च्या आसपास असतो. पंचमात फरक दोनच सेंटांचा, कानाला न कळणारा; गांधारात चौदाचा, आणि तो कळतो. हार्मोनियमवरचा आपल्याकडचा जुना रोष बऱ्याच अंशी इथलाच, आणि आकाशवाणीने 1940 मध्ये तिला बाहेर ठेवलं त्यामागेही आपल्या स्वरांना आणि मींडेला हे वाद्य न्याय देत नाही हा आक्षेप होताच. तो आक्षेप मला पटतो आणि तरीही मी की-बोर्ड वाजवते, कारण सगळ्या पट्ट्या सारख्या बसवल्यामुळेच कुठल्याही पट्टीत तीच कॉर्ड तशीच लागते. मंडळात कुणी काळी एकला गाते, कुणी काळी पाचला. पट्टी आपोआप बदलणारं ट्रान्सपोजचं बटण असतं, पण मी ते वापरत नाही. प्रत्येक पट्टीत हात वेगळा बसतो, आणि तो बसला की कॉर्ड हाताची होते.

आता अभंगाखाली कॉर्ड कुठे ठेवायची हा प्रश्न. यावर मी खूप विचार केला आहे. भूप राग घ्या: सा रे ग प ध. त्यात म नाही, म्हणून एफ गेली. नी नाही, म्हणून जी गेली. निम्मी गाणी काढणाऱ्या तीन कॉर्डांपैकी दोन बाद. रागाच्या स्वरांतून पूर्ण तीन स्वरांच्या कॉर्ड दोनच होतात: सा ग प, आणि ध सा ग म्हणजे ए मायनर. ए मायनरचं पहिलं इन्व्हर्जन सा ग ध. सा ग प वरून सा ग ध वर जाताना अंगठा जागचा हलत नाही, मधला ग हलत नाही. करंगळी तेवढी प वरून ध वर जाते. एका स्वराच्या सरकण्याने मेजरची मायनर झाली, आणि रागाबाहेरचा एकही स्वर लागला नाही. आईच्या मंडळातल्या भूपाळ्यांखाली मी एवढंच ठेवते. पुष्कळ होतं.

मालकंसात तर आणखी वेगळं. सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नी. पंचम नसल्यामुळे सा ची स्वतःची कॉर्डच होत नाही. होतात त्या दोन: म वरची मायनर आणि कोमल ध वरची मेजर. भूपाच्या गांधाराला सा मानलं की मालकंस मिळतो, म्हणजे पट्ट्यांवर बघितलं तर या त्याच दोन कॉर्ड आहेत. आपल्या मूर्च्छनेत आणि त्यांच्या इन्व्हर्जनमध्ये नेमका फरक काय हे मला इथे समजलं. मूर्च्छनेत घर बदलतं, सा दुसरीकडे राहायला जातो. इन्व्हर्जनमध्ये सा घरचाच राहतो, फक्त खालच्या जागी दुसरा स्वर येतो. ज्या मालकंसाखाली हौसेने सा ची पूर्ण मायनर कॉर्ड वाजवतात तिथे पंचम शिरतो आणि राग मोडतो. अशा ठिकाणी मी सा आणि म धरून ठेवते, किंवा हात उचलून घेते. की-बोर्ड वाजवणाऱ्याला न वाजवणंही यायला हवं, आणि सुगम संगीताच्या पुष्कळ कार्यक्रमांत हे होताना दिसत नाही, याचं मला वाईट वाटतं. आलाप चालू असताना मागे कॉर्डची चादर पसरलेली असते आणि गायकाच्या मींडेला जागाच उरत नाही.

सध्या टीचरांनी ‘जी सेव्हन्थ’ नावाची कॉर्ड काढली आहे: प नी रे म. तीन जणींच्या लोकलच्या बाकावर चौथी बसते तसा हा चौथा स्वर, आणि ती आली की कुणालाच पूर्ण स्वस्थ बसता येत नाही. स्वर चार, म्हणून इथे तिसरं इन्व्हर्जनही आहे, खाली म असलेलं. डाव्या हाताने म धरायचा, उजव्याने नी रे प. मग सी वर जायचं, पण तिच्या पहिल्या इन्व्हर्जनवर: डावा हात म वरून ग वर उतरतो, उजव्या हातात नी सा वर चढतो, रे सा वर उतरतो, प तिथेच राहतो. दोन आवाज दोन बाजूंनी येऊन एकाच पट्टीवर भेटतात. हे पांढरी एकला जमलं, आता काळी एकला बसवते आहे, कारण मंडळातल्या ज्या काकू सर्वांत जास्त गातात त्यांची पट्टी ती आहे. त्यात म काळी तीनवर जातो, ग पांढरी चारवर, आणि डाव्या हाताचं बोट काळीवरून पांढरीवर घसरू न देता उतरवायचं असतं.